तयारी कसली, असे विचारणाऱ्यांस

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका सभागृहात तरुणांच्या उपजीविकेविषयी एक व्याख्यान झाले. व्याख्याते वयाने व अनुभवाने ज्येष्ठ, सारी हयात सरकारी दप्तरात जबाबदारीच्या हुद्द्यावर घालवलेले, आणि ज्यांच्या सचोटीविषयी या शहरात कोणी ब्र काढू नये असे गृहस्थ आहेत. त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि म्हणूनच त्या दिवशी त्यांच्या तोंडून गेलेले एक उत्तर तसेच राहू देणे मला अयोग्य वाटते. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पुरा केलेला, करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणारा हा मुलगा. त्याने विचारले की, शहरातल्या एका सायकलच्या दुकानात मला मुलाखतीला बोलावले आहे, तर तिची तयारी कशी करावी? "अरे बाळा," व्याख्याते म्हणाले, "बँकेची मुलाखत असती, मंत्रालयातली असती, तर चार गोष्टी सांगितल्या असत्या. सायकलच्या दुकानात लागायला तयारी कसली? हात काळे करायची तयारी असली की झालं!" सभागृह हसले. उत्तर उतरून घेण्यासाठी त्या मुलाने वही उघडून पेनचे टोपण दातांत धरले होते. ते टोपण त्याने पेनला लावले, वही मिटली आणि तो खाली बसला.

सभेनंतर मी त्या गृहस्थांना भेटलो, तेव्हा त्यांनी आपले मत अधिक विस्ताराने सांगितले, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून ते मी प्रथम जसेच्या तसे मांडतो. त्यांचे म्हणणे असे की, कसब हातात असते, बोलण्यात नसते. पंक्चर काढता येते की नाही हे दुकानदाराला पाच मिनिटांत कळते. ज्याला येते त्याला तयारीची गरज नाही आणि ज्याला येत नाही त्याला मुलाखतीपुरत्या तयारीने ते येणार नाही. असल्या तयारीतून पोरे केवळ बनाव शिकतात. आणि शेवटी अशा जागा ओळखीपाळखीनेच भरतात. या म्हणण्यातील एक अंश खरा आहे व तो मी पुढे मान्यही करणार आहे. परंतु ज्या पायावर हा सारा डोलारा उभा आहे, तो पाया, म्हणजे सायकलच्या दुकानातील कामात पूर्वतयारी करण्याजोगे काही नाही ही समजूत, निखालस चुकीची आहे, आणि ती चूक अज्ञानापेक्षा अनादरातून अधिक आलेली आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

पाच मिनिटांत कळणाऱ्या त्या पंक्चरापासूनच आरंभ करू. चाक खोलून ट्यूब बाहेर काढणे, ती फुगवून पाण्याच्या घमेल्यात वीतवीत सरकवीत बुडबुडा शोधणे, जागा कोरडी करून कानशीने खरवडणे, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत धीर धरणे, मग पॅच बसवून ठोकणे, इतके कोणताही हुशार पोर एका दुपारी शिकतो. पण ट्यूब परत आत घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या अंगाने हळूच बोट फिरवून ज्या काट्याने हे सारे घडले तो अद्याप तेथेच रुतून आहे काय, हे पाहणारा कारागीर वेगळा. आपल्या उसाच्या पट्ट्यात बांधावरच्या बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो आणि वरून दिसत नाही; तो न काढता दिलेली सायकल दुकानाच्या दारातून ऐटीत निघते आणि शियेच्या फाट्यापाशी पुन्हा बसते, आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेला तो माणूस भर उन्हात सायकल ढकलीत परत येतो. टायरात बोट फिरवण्याची ही सवय हाताची म्हणावी की बुद्धीची? दुकानदाराला पाच मिनिटांत पॅच दिसतो. ही सवय आहे की नाही, हे त्याला पाहावयाचे असेल तर तशी मुलाखत घ्यावी लागते, आणि ती सवय उमेदवाराने आधी अंगी बाणवावी लागते. तयारी म्हणतात ती याहून निराळी नाही.

येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. सोळाव्या वर्षी, शाळेच्या सुट्टीत, मंगळवार पेठेतील एका दुकानात मी मदतनीस म्हणून राहिलो. मला काय येते हे कोणी विचारले नाही आणि मीही काही समजून घेऊन गेलो नव्हतो. तिसऱ्याच दिवशी लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी नेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या सायकलचे डावे पेडल बदलण्याचे काम माझ्याकडे आले. उजव्या पेडलचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात, कारण तसे नसते तर चालवता चालवता डावे पेडल आपोआप सैल होत जाऊन निखळले असते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी पाना नेहमीच्या दिशेने, अंगातील सगळे बळ लावून दाबत राहिलो आणि क्रँकचे आटे मारून बसलो. त्या गृहस्थांनी रिकामी सायकल ढकलीत नेली आणि भाजीची पाटी डोक्यावर घेतली. मालकांनी नव्या क्रँकचे पैसे स्वतःच्या खिशातून घातले आणि मला एवढेच म्हणाले, "माहीत नसलं तर विचारायचं असतं, बाळ." मला आज वाटते की, नेमणुकीपूर्वी त्यांनी मला हा एकच प्रश्न विचारला असता, किंवा मी आधी आठ दिवस कोणाजवळ बसून यंत्र समजून घेतले असते, तर त्या वृद्ध माणसाच्या डोक्यावरची ती पाटी टळली असती.

आणि यंत्र समजून घेणे ही गोष्ट सभागृहाला वाटली तितकी क्षुल्लक नाही. आपली जुनी काळी सायकल घ्या. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण माणसाचा, पोत्याचा आणि किटल्यांचा बहुतेक भार मागे पडतो. प्रत्येक तार रिमला आपल्या बाजूला खेचीत असते आणि या ओढाताणीच्या समतोलावर चाक सरळ राहते. एक तार तुटली की तो समतोल ढळतो आणि चाक 'आऊट' होते. ते आऊट काढताना सायकल उलटी ठेवून चाक फिरवतात, रिमजवळ खडू स्थिर धरतात, आणि जेथे खडूची रेघ उमटते तेथे त्या अंगाच्या तारा किंचित सैल, समोरच्या अंगाच्या किंचित घट्ट, असे पाव-पाव आट्याने करीत जातात. घाई करणारा एका जागेचा आऊट काढून दुसऱ्या दोन जागी घालतो. पुढचे ४४ दात्यांचे चक्र आणि मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पेडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. हा त्रैराशिकाचा हिशेब ज्याला कळला, त्याला शहरापासून २० किलोमीटरांवरील पन्हाळ्याचा घाट चढू पाहणाऱ्या तरुणाला पुढे लहान आणि मागे मोठे चक्र का हवे, हे समजावून सांगता येते. ज्याला तो कळला नाही, तो नुसतेच "भारीतली घ्या" म्हणेल. शिवाय आजच्या दुकानात डिस्क ब्रेक आले आहेत; त्यांच्या चकतीवर, चेनला तेल घालणाऱ्या हातून एक थेंब उडाला की ब्रेक निकामी होऊ लागतो, आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकांत काहींना खनिज तेल लागते तर काहींना निराळे द्रव्य, आणि त्यांची अदलाबदल झाली की आतली रबरे फुगून बसतात. माणसाचा जीव ज्या ब्रेकवर अवलंबून आहे त्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवायची, त्याला पूर्वतयारी कसली असे आपण विचारतो, आणि ज्याच्या हातून फार तर एखादा कागद चुकीच्या फायलीत जाईल त्याच्या मुलाखतीसाठी वर्ग, पुस्तके आणि व्याख्याने असतात.

ज्या भूमीत उभे राहून हे विचारले गेले तिचा इतिहासही या प्रश्नाला साक्ष देत नाही. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि कोल्हापूरहून फार लांब नसलेल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंची पेढी आपला आरंभ त्याच सालापासून मोजते. तो आरंभ सायकलच्या दुकानाचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेलेले गृहस्थ. रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापक झाले. आपल्या हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. सायकलींचा व्यापार, बंधू रामूअण्णा यांच्यासह, बेळगावात वाढवला, आणि गिऱ्हाइकाला सायकल नुसती विकून न थांबता ती चालवावयासही शिकवले. त्या दुकानातून पुढे १९०३ साली लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकाला सायकलचे दुकान आपल्या विद्येला उणे वाटले नाही, आणि तसल्या दुकानाच्या उमेदवाराला मात्र विद्येची गरज नाही, हे कोणत्या न्यायाने?

लक्ष्मणरावांनी माणसे कशी निवडली हेही येथे सांगितले पाहिजे, कारण प्रतिपक्ष त्याचाच आधार घेईल हे मला दिसते. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधला कल्पक अभियंता त्यांनी ओळखला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. यावरून कोणी म्हणेल की, पाहा, दाखले आणि तयारी यांवाचून काही अडले नाही. परंतु दाखला आणि तयारी या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांची गल्लत हेच आपल्या सुशिक्षित वर्गाचे जुने दुखणे आहे. दाखला नसलेल्या माणसाची तयारी पारखण्यासाठी पारखणाऱ्याला अधिक डोळस व्हावे लागते. दूर अमेरिकेत, डेटन गावी, राइट बंधूंनी आपल्या सायकलच्या दुकानासाठी १९०१ साली आठवड्याला १८ डॉलरांवर चार्ली टेलर नावाचा कारागीर ठेवला. मुलाखत अशी झाली नसेल. पण त्याआधी तो त्यांची फुटकळ कामे करून देत होता आणि त्या कामांत त्यांनी त्याला पुरेपूर पाहिले होते. दोघे भाऊ उड्डाणाच्या प्रयोगांसाठी बाहेर असत तेव्हा दुकान तो सांभाळी, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडाले त्याचे इंजिन याच माणसाने दुकानातल्या लेथवर सुमारे सहा आठवड्यांत घडवले. ओळखीने जागा भरतात हे गृहस्थांचे म्हणणे या अर्थाने मला सर्वस्वी मान्य आहे. मात्र ओळख ज्या कामामुळे झाली ते काम आधी कोणी तरी मन लावून शिकले होते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे. मामाच्या शब्दावर लागणे ही दुसरी ओळख. तिचे समर्थन मी करणार नाही, आणि त्यांनीही करू नये.

कोल्हापुराने तर हा वाद शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा लायक उमेदवार मिळणार कोठून, ही हाकाटी झालीच. महाराजांनी केवळ हुकूम काढून हात झाडले नाहीत. जातीजातींच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहे उभी राहिली, आणि लायकी ही जन्माने येत नसून अन्न, निवारा, पुस्तक आणि शिक्षक यांनी घडते हे येथल्या रस्त्यांवर दिसू लागले. त्या शहरात, खेड्यातून आलेल्या फिटर मुलाने आपण होऊन मला लायक होण्याचा मार्ग सांगा म्हणावे आणि सभेने हसावे, हे मला सहन होत नाही. कारकुनाच्या मुलाची तयारी ही महत्त्वाकांक्षा आणि कारागिराच्या मुलाची तयारी हा हास्यविषय, असा भेद त्या हसण्यात होता. व्याख्यात्यांच्या मनात तो नसेलही. त्या मुलाच्या मनात तो पोचला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आता जो अंश खरा म्हणून मान्य करावयाचा होता त्याकडे वळतो. हा मुलगा पुढच्या रविवारी माझ्या घरी आला, तेव्हा त्याच्या वहीत कोणत्याशा वर्गातून उतरून आणलेली उत्तरे होती: स्वतःची ओळख, माझे गुण, माझे दोष, पाच वर्षांनी मी कोठे असेन, सगळी इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहून पाठ केलेली. "गुरुजी, त्यास्नी हे न्हाई विचारलं तर काय करू वो?" त्याने विचारले. ही तयारी बनाव शिकवते, या गृहस्थांच्या मताशी मी येथे पूर्ण सहमत आहे, आणि असली वाक्ये विकणाऱ्यांविषयी माझे मत त्यांच्याहून कठोर आहे. कारण हे वर्ग त्या मुलाला असे पटवतात की त्याच्याजवळ जे आहे ते दडवण्याजोगे आणि जे नाही ते दाखवण्याजोगे आहे. पण खोटे नाणे चलनात आहे म्हणून खऱ्या नाण्याची टांकसाळ कोणी बंद करीत नाही. मी त्याला ती पाने बाजूला ठेवावयास सांगितले, आणि ज्या दुकानात जावयाचे त्याच्या समोरच्या फुटपाथवर एक सकाळ व एक संध्याकाळ उभे राहून ये म्हटले. तो राहिला. सकाळी शाळेच्या वेळेस हवा भरणाऱ्या मुलांची रांग लागते, पंप एकच आहे आणि त्याची नळी गळते. संध्याकाळी गिअरच्या सायकली पाहणारी कुटुंबे येतात आणि त्यांच्याशी बोलायला माणूस मोकळा नसतो. ओव्हरऑइलिंगला आलेल्या सायकलींना चिठ्ठी न बांधल्यामुळे मालकाला प्रत्येक वेळी हाक मारून ही कुणाची म्हणून विचारावे लागते. इतके तो पाहून आला. एखाद्या बँकेच्या उमेदवाराने त्या बँकेविषयी इतके प्रत्यक्ष ज्ञान घेऊन मुलाखतीला जावे, असे मला फार क्वचित आढळले आहे.

शिवाय मुलाखत हा शब्द आपल्याकडे आला तो भेट या अर्थाने. भेटीत दोन्ही पक्ष एकमेकांना पाहतात. 'उमेदवार' शब्दात तर उमेद आहे, पण आपल्या बाजारपेठांनी उमेदवारी म्हणजे बिनपगारी राबणूक असा अर्थ तिला कित्येक पिढ्या चिकटवला. दुकानांतील नोकरीविषयीच्या महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या कायद्यातील बहुतेक तरतुदी ठराविक संख्येहून कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांना लागू नाहीत. सायकलच्या दुकानात तीन किंवा चार माणसे असतात. म्हणून पगार दरमहा किती व कोणत्या तारखेस, हजेरीची वेळ कोणती, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, मोडलेल्या सामानाचे पैसे कोणाच्या माथी, आणि सहा महिन्यांनी मला गिअरचे काम शिकवणार की पंपावरच ठेवणार, हे प्रश्न त्या मुलाने स्वतः, अदबीने आणि न चाचरता विचारले पाहिजेत. तेथे कोणी युनियन त्याच्या वतीने विचारणार नाही. मुलाखतीची तयारी अनावश्यक म्हणणारे, नकळत का होईना, त्याचा हा विचारण्याचा अधिकारही काढून घेतात. हे विचारायचे धैर्य आयत्या वेळी येत नाही. त्याने ते प्रश्न माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिले. पहिल्या दोन वेळा पगाराच्या शब्दावर त्याची नजर जमिनीला लागली.

दुकानदारांनाही माझी विनंती आहे. उमेदवाराला टेबलासमोर खुर्चीवर बसवून घरची शेती किती, असे विचारू नये. एक आऊट झालेले चाक, एक काटा रुतलेला टायर त्याच्या हाती द्यावा, आणि एखाद्या गिऱ्हाइकाशी त्याला पाच मिनिटे बोलू द्यावे. गुणी मुलाला याहून न्याय्य परीक्षा मिळणार नाही, आणि तिच्यासाठी खर्चलेला वेळ मालकाच्या गल्ल्यात परत येतो.

मुलाखत येत्या सोमवारी आहे. काल संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर माझ्याच जुन्या सायकलचे मागचे हब खोलून बसला होता. वर्तमानपत्रावर त्याने छर्रे मांडले. मागच्या हबला प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ असतात, म्हणजे एकूण अठरा. त्याच्या मोजणीत सतरा भरले. मी म्हटले, एकाने काही बिघडत नाही, ग्रीस भर आणि बसव, उशीर होतोय, तुझी शेवटची एस.टी. जाईल. त्याने मान हलवली, मोबाईलचा उजेड लावला आणि कॉटखाली, मग उंबऱ्याच्या फटीत, मग माझ्या चपलांच्या खाली शोधू लागला. छर्रा पायपुसण्याच्या घडीत सापडला. तो त्याने रॉकेलमध्ये धुतला, पुसला, आणि सगळे अठरा पुन्हा पहिल्यापासून मोजले.